हिमप्रलय आणि भरावभूमी : जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथेतील आशेचे स्वरूप

१

मराठी विज्ञानकथेचे मूल्यमापन करताना समीक्षेने आजवर बहुधा दोनच प्रश्न विचारले आहेत. कथेत आलेले विज्ञान निर्दोष आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि ते विज्ञान बाजूला काढल्यावर कथा म्हणून काही शिल्लक उरते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न वैज्ञानिकांनी विचारावा व दुसरा साहित्यिकांनी, अशी कामाची वाटणीही आपोआप होऊन गेलेली दिसते. या वाटणीत एक तिसरा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. विज्ञानकथा वाचकाला भविष्याविषयी कोणत्या प्रकारची आशा देते, आणि ती आशा ती कोणत्या आधारावर उभी करते? निसर्गाच्या कोपाविषयीच्या कथांना तर हा प्रश्न विशेषच लागू पडतो. कारण संकट कल्पिणे हे तुलनेने सोपे असते. त्यातून सुटका कशी व्हावी हे कल्पिताना लेखकाची समाजाविषयीची धारणा उघड होते.

डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कथावाङ्मयाचा या दृष्टीने विचार करण्याचा येथे हेतू आहे. नारळीकरांची आशा ही यंत्रावरील भाबडी श्रद्धा आहे, असा एक समज त्यांच्या टीकाकारांत आढळतो. आणि विज्ञान सर्व प्रश्न सोडवील हाच त्यांचा संदेश होय, असा त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूचा समज त्यांच्या चाहत्यांत आढळतो. हे दोन्ही समज त्यांच्या कथांच्या आधारे टिकणारे नाहीत, असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे आहे. त्यांच्या कथांत यंत्र बहुधा यशस्वी होते. प्रश्न पडतो तो माणसाच्या ऐकण्याचा. धोक्याची सूचना वेळेवर ऐकली जाईल काय, या एका शंकेवर त्या कथांचा सारा ताण उभा असतो. तेव्हा त्यांची आशा मुळात सामाजिक आहे. परंतु ती ज्या समाजावर विसंबते, तो समाज कथेत फारच विरळ उमटतो. ही त्यांच्या कथेची मर्यादा होय, आणि ती मर्यादा नेमकी कोठे आहे हे पाहण्यासाठी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील कॉटन ग्रीन या परिसराचा आधार या लेखात शेवटी घेतला आहे. नारळीकरांनी ज्या मुंबईवर बर्फ पाडले, त्याच मुंबईचा तो एक भाग आहे, आणि तेथील जमीन हीच एका जुन्या अभियांत्रिकी उपायाची निर्मिती आहे.

२

नारळीकरांच्या कथालेखनाचा आरंभ सर्वश्रुत आहे. तथापि त्यातील एका तपशिलाकडे द्यावे तेवढे लक्ष दिले गेलेले नाही. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या सहवासात संशोधन केल्यावर १९७२ साली ते मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. मराठी विज्ञान परिषदेने घोषित केलेल्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. ती स्वतःच्या नावाने न पाठविता आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात गेली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथाप्रकाराची आवर्जून दखल घेतली. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि विज्ञानकथा हा मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा विषय झाला.

टोपणनावाच्या या प्रसंगाकडे बहुधा एक गंमत म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यात एक साहित्यविषयक भूमिका दडलेली आहे. शास्त्रज्ञाच्या अधिकाराने कथा वाचली जाऊ नये, ती कथा म्हणून उभी राहते की नाही याची परीक्षा व्हावी, अशी ती भूमिका होय. पुढे मात्र नारळीकरांच्या नावाभोवती जे वलय निर्माण झाले, त्यामुळे ही परीक्षा जवळजवळ अशक्य होऊन बसली. त्यांची कथा ‘शास्त्रज्ञाची कथा’ म्हणूनच वाचली गेली.

प्रस्तावना, लेख, ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र आणि नाशिक येथे डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, अशा निरनिराळ्या निमित्तांनी नारळीकरांनी विज्ञानकथेविषयीचे आपले विचार मांडले. त्यांचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल. विज्ञानकथेतील कल्पनेला ज्ञात विज्ञानाचा आधार हवा. त्या विज्ञानापलीकडे ती गेली तरी तिचा मार्ग तर्काचा असावा. भयकथेला किंवा परीकथेला यंत्रांचा साज चढविल्याने ती विज्ञानकथा होत नाही. आणि सामान्य वाचकाला विज्ञानाची व वैज्ञानिक दृष्टीची ओळख करून देणे हे या कथेचे एक न्याय्य कार्य आहे.

या विचारांतील शेवटचा मुद्दा समीक्षकांना खटकत आला आहे. कडू औषधाच्या गोळीवरील साखरेचा दृष्टान्त या संदर्भात वारंवार दिला जातो, आणि साखर व औषध वेगळी काढता येतात त्या अर्थी ही कलाकृती नव्हे, असा निष्कर्षही काढला जातो. आक्षेप निराधार नाही. परंतु लेखकाने आपल्या लेखनाविषयी जे सांगितले, तेवढेच त्याच्या लेखनात असते असे मानण्याचे कारण नाही. नारळीकरांच्या चांगल्या कथा त्यांच्या कथाविचाराच्या पुढे जातात. त्या विज्ञान समजावून देतातच. पण समजलेले विज्ञान समाजाच्या गळी का उतरत नाही, या प्रश्नाशी त्या येऊन थांबतात. हे स्पष्ट होण्यासाठी तीन कृतींकडे क्रमाने पाहावे लागेल.

३

‘धूमकेतू’ या कथेतील दत्त हे कलकत्त्याचे हौशी आकाशनिरीक्षक. त्यांना एक नवा धूमकेतू दिसतो आणि त्यांचे नाव जगभर होते. तो धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे असे गणिताने निष्पन्न होते. निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात. अण्वस्त्राच्या साहाय्याने त्याचा मार्ग बदलण्याची योजना आखली जाते आणि ती सफल होते. येथे कथा संपली असती तर ती यंत्राच्या विजयाची गाथा ठरली असती. पण लेखक दत्तांना घरी परत आणतो. घरी त्यांच्या पत्नीने अरिष्टनिवारणासाठी यज्ञ करविलेला असतो, आणि धूमकेतू टळला तो त्या यज्ञामुळेच, अशी घरातल्यांची निःशंक खात्री असते.

कथेचे सारे बळ या शेवटच्या प्रसंगात आहे. पृथ्वी वाचते, पण वाचण्याचे कारण कोणाला कळत नाही. मोहीम गुप्त ठेवल्यामुळे ते कळण्याची सोयही राहिलेली नसते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. दत्तांच्या घरातील अज्ञानाला केवळ परंपरा जबाबदार नाही. लोकांना घाबरवू नये या सद्हेतूने सत्य आपल्यापुरते राखून ठेवणारी तज्ज्ञांची सावधगिरीही तितकीच जबाबदार आहे. लेखकाने हे शब्दांत सांगितलेले नाही आणि कदाचित त्याला ते पूर्णपणे अभिप्रेतही नसेल. पण कथेच्या रचनेतून तो अर्थ अटळपणे निघतो. लोकांना न विचारता त्यांचे रक्षण केले, तर ते त्या रक्षणाचे श्रेय आपल्याला समजेल अशाच कारणाला देणार.

नारळीकरांच्या सार्वजनिक कार्याशी ही कथा जुळणारी आहे. २००८ साली नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी फलज्योतिषाची सांख्यिकीय चाचणी घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवण्यात आल्या. त्या ओळखण्याचा प्रयत्न करून २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठविली, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडवून यापेक्षा वाईट निकाल लागला नसता. परंतु या चाचणीने पत्रिका पाहण्याची प्रथा थांबली नाही, आणि थांबणार नाही हे ‘धूमकेतू’च्या लेखकाला अगोदरच ठाऊक होते. चाचणी घेणारा नारळीकर आणि कथा लिहिणारा नारळीकर यांत भेद करावयाचा तर तो येथे करता येईल. पहिल्याचा पुराव्यावर विश्वास आहे. पुरावा पुरेसा नसतो हे दुसऱ्याने पाहिले आहे.

४

‘हिमप्रलय’ ही पर्यावरणाच्या दृष्टीने नारळीकरांची सर्वांत महत्त्वाची कथा. बाळ फोंडके यांनी संपादित केलेल्या भारतीय विज्ञानकथांच्या इंग्रजी संग्रहात १९९३ साली तिचे भाषांतर आले आणि ती मराठीबाहेरही पोचली. मुंबईत एका सकाळी बर्फ पडलेले दिसते, या चित्राने कथा उघडते. ज्या शहराने थंडी म्हणजे काय हे नीटसे अनुभवलेलेच नाही, ते शहर पांढरे झालेले पाहून मुले हर्षभरित होतात आणि मोठ्यांना मात्र पायाखालची भूमी सरकल्यासारखे वाटते. डॉ. वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाने हे संकट पूर्वीच वर्तविलेले असते आणि शास्त्रज्ञांच्याच जगाने त्याला गंभीरपणे घेतलेले नसते. राजीव शाह या पत्रकाराच्या दृष्टीतून वाचक हे सारे पाहतो. हिमयुग अवतरते, उत्तरेकडील राष्ट्रे विषुववृत्ताकडे सरकू लागतात, आणि मग चिटणिसांची योजना स्वीकारली जाते. अग्निबाणांच्या साहाय्याने वातावरणाच्या वरच्या थरांत उष्णता शोषणारे सूक्ष्म कण सोडावयाचे, अशी ती योजना. आणि इंद्रावर केलेल्या स्वारीचे रूपक तिला दिलेले आहे.

कथेमागील विज्ञान हॉईल यांच्या विचाराशी जवळचे आहे. हॉईल यांनी १९८१ साली हिमयुगावर एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले, की महासागरांतील उष्णतेचा साठा घटला तर उच्च वातावरणातील बाष्पाचे सूक्ष्म हिमकण होतील, ते सूर्यप्रकाश परतवतील आणि शीतलता स्वतःच स्वतःला वाढवीत नेईल. ज्वालामुखीच्या उद्रेकाने या क्रियेस चालना मिळू शकते. या कल्पनेचा पहिला भाग अजूनही वादग्रस्त असला, तरी ज्वालामुखीविषयीचा भाग इतिहासाने सिद्ध केलेला आहे. १८१५ साली तांबोरा पर्वताचा उद्रेक झाला आणि १८१६ साली युरोप व उत्तर अमेरिका येथे उन्हाळा जणू आलाच नाही. १९९१ साली पिनातुबोच्या उद्रेकानंतर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

आजचा वाचक लगेच विचारील, की मग लेखकाचा अंदाज चुकला काय? कारण पृथ्वी थंड होत नसून तापत आहे. १९४० ते १९७५ या काळात तापमानवाढ थबकलेली होती व उत्तर गोलार्ध किंचित थंडावलाही होता, ही गोष्ट खरी. पण १९७९ सालीच अमेरिकेतील चार्नी समितीने कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान १.५ ते ४.५ अंशांनी वाढेल असा अंदाज दिला होता, आणि २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले ठरले. तेव्हा भाकीत म्हणून ‘हिमप्रलय’ची दिशा उलटी ठरली, हे मान्य केले पाहिजे. पण विज्ञानकथा हे पंचांग नव्हे. तिचे मोल भाकितात नसून रचनेत असते, आणि ती रचना आश्चर्यकारकरीत्या टिकली आहे. ओझोनच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक मिळविणारे पॉल क्रुत्झेन यांनी २००६ साली पृथ्वी थंड ठेवण्यासाठी वरच्या वातावरणात गंधकाचे संयुग फवारण्याच्या पर्यायाचे संशोधन व्हावे असे सुचविले. नारळीकरांच्या अग्निबाणांनी ऊब आणावयाची होती, क्रुत्झेन यांच्या फवाऱ्याने गारवा. पण आकाशात कण सोडून हवामान ताब्यात आणावे, ही मूळ कल्पना एकच. प्रश्नही तेच उरतात. हा निर्णय कोण घेणार? एका देशाला लाभलेली ऊब दुसऱ्याचा पाऊस हिरावून नेणार नाही कशावरून? एकदा सुरू केलेली फवारणी थांबविण्याचा अधिकार कोणाकडे राहील?

या प्रश्नांपैकी पहिल्याला कथेने स्पर्श केला आहे. उरलेल्या दोहोंना ती जवळजवळ शिवत नाही. संकट शिगेला पोचल्यावर सारे शास्त्रज्ञ एकमताने चिटणिसांच्या बाजूस येतात आणि मोहीम सुरू होते. म्हणजे कथेतील खरा संघर्ष मोहिमेपूर्वीच संपलेला असतो. तो चिटणिसांच्या एकाकीपणात आहे, त्याच्या भाकिताकडे झालेल्या दुर्लक्षात आहे. अग्निबाण उडतात ते या दुर्लक्षाचे प्रायश्चित्त म्हणून. कथेत आशा असेल तर ती अशी, की उशिरा का होईना, जगाने एका माणसाचे म्हणणे ऐकले.

५

या निष्कर्षाला ‘वामन परत न आला’ ही कादंबरी वेगळ्या बाजूने पुष्टी देते. उत्खननात एका लुप्त, प्रगत संस्कृतीने पुरून ठेवलेले ज्ञान हाती लागते. त्याच्या आधारे वामन हा विचार करणारा यंत्रमानव निर्माण केला जातो. त्या प्राचीन लेखातील ज्ञानाचा भाग प्रथम वाचला जातो आणि त्याला जोडलेला इशारा मागाहून उलगडतो. ज्यांनी हे ज्ञान कमावले त्यांचा ऱ्हास त्यांच्या बुद्धिमान यंत्रांमुळेच झाला होता, हे तोपर्यंत कोणाच्या ध्यानी आलेले नसते. आणि वामनाला तर स्वतःसारखे दुसरे वामन घडविण्याची इच्छा झालेली असते.

पौराणिक नावाची निवड येथे अलंकारापुरती नाही. बळीने बटूला तीन पावले भूमी दिली ती मागणी लहान दिसली म्हणून. तिसरे पाऊल कोठे ठेवावे हा प्रश्न देताना त्याच्या मनात आला नव्हता. तंत्रज्ञानाच्या बाबतीतही देणे अगोदर होते आणि माप मागाहून कळते, हे त्या कथेचे सूत्र नारळीकरांनी नेमके हेरले. ज्ञान वाचण्याची घाई आणि इशारा वाचण्याचा आळस, या दोहोंतील अंतर हाच कादंबरीचा विषय आहे. यंत्रावरील अंधश्रद्धेचा आरोप करणाऱ्यांनी ही कादंबरी पुन्हा वाचण्यासारखी आहे. स्वतः शिकणाऱ्या यंत्रांची चर्चा आज घरोघर होत असताना तिचे महत्त्व कमी झालेले नाही.

तिन्ही कृतींचे साम्य आता स्पष्ट होईल. प्रत्येकीत एक इशारा आहे: गणिताचा, भाकिताचा, शिलालेखाचा. प्रत्येकीत त्या इशाऱ्याला ऐकणारे कान फार थोडे आहेत. आणि प्रत्येकीत तंत्रज्ञान हे ऐकण्याचे किंवा न ऐकण्याचे फळ म्हणून येते; स्वतंत्र तारणहार म्हणून येत नाही.

६

नारळीकरांच्या कथेची शक्ती येथवर सांगितली. तिची मर्यादाही याच जागी आहे. ऐकणारे कान फार थोडे असतात, कारण ऐकण्याचा अधिकारच थोड्यांना दिलेला असतो. शास्त्रज्ञ, मंत्री, वरिष्ठ अधिकारी, संपादक व पत्रकार यांच्या वर्तुळात कथा फिरते. ‘हिमप्रलय’मध्ये मुंबई गोठते, पण गोठलेल्या मुंबईत जे रस्त्यावर झोपतात, ज्यांच्या होड्या बंदरात अडकतात, ज्यांची मजुरी बुडते, ते कथेच्या केंद्रस्थानी येत नाहीत. संकटाचे आकडे कळतात, त्याचा भार कळत नाही.

लघुकथेच्या आटोपशीर आकृतिबंधात हे सारे यावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, असा बचाव करता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु जागेच्या अभावापेक्षा दृष्टीचा रोख येथे अधिक कारणीभूत दिसतो. तुलनेसाठी किम स्टॅनली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ ही २०२० सालची अमेरिकन कादंबरी घेता येईल. तिचा आरंभ उत्तर प्रदेशातील एका गावी आलेल्या प्राणघातक उष्णतेच्या लाटेने होतो, आणि त्यानंतर भारत सरकार जगाला न जुमानता आकाशात गंधककण फवारते. उपाय नारळीकरांच्याच जातीचा. पण वाचक त्या उपायाकडे पोचतो तो मरणाऱ्या माणसांच्या मधून. त्यामुळे उपाय योग्य की अयोग्य हा प्रश्न त्याच्यापुढे हिशेबाचा म्हणून न राहता नीतीचा म्हणून उभा राहतो.

दुसऱ्या बाजूने, अमिताव घोष यांनी २०१६ साली ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या ग्रंथात असा आक्षेप घेतला, की प्रतिष्ठित वास्तववादी कादंबरीने असंभाव्य निसर्गघटना आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आणि त्यांना स्थान देणाऱ्या विज्ञानकथेला साहित्याच्या ओसरीवर बसविले. त्यांनी उदाहरणासाठी मुंबईवर आदळू शकणाऱ्या चक्रीवादळाचा विचार केला आहे. हा आक्षेप मराठीलाही लागू पडतो. मुंबईच्या वास्तवाचे चित्रण करणारी समर्थ कथा मराठीत लिहिली गेली. चाळ, गिरणी, झोपडी या कथेत आली. पण समुद्र, भरती आणि पाऊस हे त्या कथेत बहुधा वातावरणापुरते राहिले. मुंबईवर बर्फ पाडणारा नारळीकर आणि मुंबईची माणसे रंगविणारे वास्तववादी कथाकार एकमेकांच्या शेजारी राहिले, पण एकमेकांच्या घरी गेले नाहीत. मराठी कथेचे जे नुकसान झाले ते या अबोल्यामुळे.

७

हा अबोला कोठे मोडावा लागेल, हे कॉटन ग्रीनच्या परिसरात प्रत्यक्ष दिसते. हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्या मध्ये हे स्थानक आहे. नावातील ‘ग्रीन’ म्हणजे हिरवळ. पण ती येथली नव्हे. कोटातील ज्या मोकळ्या मैदानावर रुईच्या गासड्या रचल्या जात, त्या मैदानाचे हे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कापसाचा बाजार कुलाब्याकडे गेला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडीपर्यंतची खाडी भरून काढल्यावर तो या नव्या जमिनीवर आला. नावही त्याच्याबरोबर आले. म्हणजे हिरवळ नाही, मूळ जमीन नाही, आणि आता कापसाचा तो बाजारही पूर्वीसारखा नाही. उरले आहे ते नाव आणि गुदामांच्या रांगा.

ही भूमी म्हणजे एका जुन्या युगाच्या तंत्रज्ञानाची आशा होय. समुद्र मागे रेटला की व्यापार वाढेल, व्यापार वाढला की शहर समृद्ध होईल, असा तिचा तर्क होता. बाण मारून समुद्र हटविणाऱ्या परशुरामाची कथा ज्या किनारपट्टीवर घरोघर सांगितली जाते, तेथे तो तर्क कोणाला खटकण्याचे कारणही नव्हते. समृद्धी आलीही. वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथील कापूस येथे उतरला, माथाड्यांनी तो वाहिला, आणि पश्चिमेला लागूनच असलेल्या लालबाग-परळच्या गिरण्यांनी तो कातला. १९८२ सालच्या संपानंतर त्या गिरण्यांचे धुराडे एकामागून एक थंडावले. पण जमिनीचा हिशेब तेथे संपला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळी कुलाब्यास केवळ सुमारे ७३ मिलिमीटरची नोंद झाली. एकाच शहराच्या दोन टोकांतील हे अंतर पाहिले, म्हणजे ‘मुंबईवरील संकट’ हा शब्दप्रयोग किती ढोबळ आहे हे कळते. पाणी कोठे पडले याइतकेच ते कोठून वाहू शकले नाही याला महत्त्व असते. आणि ते ठरविणाऱ्यांत नाले, भराव व भरती हे प्रमुख असतात.

याच किनाऱ्याला लागून शिवडीचा चिखलपट्टा आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. खाडीत येणाऱ्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे शेवाळ माजते आणि ते शेवाळ या पक्ष्यांना आकर्षित करते, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ठाणे खाडीच्या वरच्या भागात २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. शिवडीच्या चिखलावरून मात्र न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा सागरी सेतू बांधला गेला व १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

विज्ञानकथेच्या दृष्टीने या दृश्याचा अर्थ लावला पाहिजे. ‘हिमप्रलय’मध्ये संकट मानवी हाताबाहेरून येते, ज्वालामुखीला कोणी दोष देत नाही. म्हणून उपायही निर्दोष राहू शकतो. कॉटन ग्रीनला अशी सोय नाही. येथे उपद्रव आणि उपाय एकाच हाताचे आहेत. कालचा उपाय आजच्या उपद्रवाची जमीन झाला आहे. शहराची घाण पक्ष्यांचे अन्न झाली आहे. ते सांडपाणी उद्या पूर्णपणे शुद्ध केले तर गुलाबी थवे येतील काय? पक्ष्यांसाठी चिखल राखावा की पुलासाठी खांब रोवावा, हे ठरविताना शिवडी-माझगावच्या कोळ्याला विचारले गेले होते काय? समुद्राची पातळी वाढू लागली तर भराव घातलेल्या जमिनीवर पहिला हक्क कोणाचा, पाण्याचा की पट्टेदाराचा? हे प्रश्न कोणत्याही अग्निबाणाने सुटणारे नाहीत. आणि तरीही ते विज्ञानाचेच प्रश्न आहेत; भरती-ओहोटीचे, गाळाचे, क्षारांचे, शेवाळाचे गणित मांडल्याविना त्यांपैकी एकाचेही उत्तर देता येणार नाही.

८

मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिचे विज्ञान भवन चुनाभट्टीस आहे, म्हणजे कॉटन ग्रीनहून त्याच हार्बर मार्गावर चार स्थानके पुढे. ज्या परिषदेच्या स्पर्धेतून नारळीकरांची कथा जन्मली, तिच्या दारापासून हा चिखलपट्टा इतका जवळ असताना त्याची विज्ञानकथा अद्याप मराठी कथेत ठळकपणे उभी राहिलेली दिसत नाही, याचा विचार व्हावयास हवा. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदी लेखकांनी या कथाप्रकाराची कक्षा रुंदावली, हे खरे. परंतु आकाशाकडे पाहण्याची जी सवय या कथेला आरंभीच लागली, ती तिच्या आद्य प्रवर्तकाच्या व्यवसायाशी सुसंगत असली तरी तिचा नियम होण्याचे कारण नव्हते.

नारळीकरांपासून घ्यावयाचे ते काय, याचे उत्तर त्यांच्या अग्निबाणांत शोधल्यास हाती फार थोडे लागेल. त्यांच्या कथाविचारातील दोन गोष्टी मात्र सोडून चालणार नाही. एक म्हणजे तर्काची शिस्त. निसर्गाविषयीची हळवी कथा लिहिणे सोपे आहे. चिखलाचे रसायन समजून घेऊन लिहिणे अवघड आहे, आणि नारळीकरांनी त्या अवघड मार्गाला प्रतिष्ठा दिली. दुसरी म्हणजे ऐकण्याचा प्रश्न. इशारा देणारा एक आणि न ऐकणारे पुष्कळ, हे त्यांनी रंगविलेले नाट्य आजही खरे आहे. फक्त इशारा देणाऱ्याच्या जागी दर वेळी वेधशाळेतील शास्त्रज्ञच असावा असे नाही. गुदामाच्या ओट्यावर दर पावसाळ्यात पाणी कितव्या पायरीपर्यंत चढते हे वर्षानुवर्षे पाहणारा माथाडी, किंवा जाळ्यात येणाऱ्या मासळीवरून खाडीचा पालट ओळखणारी कोळीण, यांच्याजवळही मोजमाप असते. ते मोजमाप शास्त्राच्या भाषेत आणणे आणि शास्त्राचे मोजमाप त्यांच्या भाषेत पोचविणे, हे काम कथा करू शकेल. ‘धूमकेतू’तील दत्तांच्या घरी जो दुरावा राहून गेला, तो मिटविण्याचा अन्य मार्ग दिसत नाही.

या अर्थाने नारळीकरांच्या कथेतील आशा अपुरी आहे, पण खोटी नाही. माणूस ऐकू शकतो, एवढेच ती सांगते. कोणाचे ऐकावे, कोणी ऐकावे आणि ऐकल्यावर होणाऱ्या खर्चाचा वाटा कोणी उचलावा, हे सांगण्याचे काम तिने पुढच्या लेखकांकडे ठेवलेले आहे. विज्ञानकथेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘हिमप्रलय’ वाचल्यावर भरतीच्या वेळी शिवडीच्या धक्क्यावर उभे राहून तो चिखल पाण्याखाली जाताना पाहावा. कथेत काय आले आणि काय यावयाचे राहिले, हे दोन्ही त्याला तेथे एकाच वेळी समजू शकेल.